आईचं वय ५४, गालावर वांग, काम वावरातलं. चेहऱ्याला काय लावावं आणि लग्नात मेकअप कसा करावा?

प्रश्न थोडक्यात असा आहे: आई यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यात, खेड्यात राहते. पाळी जाऊन तीन वर्षं झाली. दोन्ही गालांवर वांग आहेत, कपाळाच्या कडेला काळसर पट्टा आलाय आणि तोंड धुतलं की कातडी ओढल्यासारखी होते. दीड महिन्याने, ऐन मे महिन्यात, धाकट्या मुलाचं लग्न आहे. पार्लरवाली एक क्रीम देते म्हणते, ती घ्यावी का? आणि फाउंडेशन लावलं की चेहरा भेगाळल्यासारखा का दिसतो?

क्रीमचं उत्तर आधी देतो: घेऊ नका. डबीवर कंपनीचा पत्ता, बॅच नंबर, घटकांची यादी आणि मुदत छापलेली नसेल तर ती फुकट मिळाली तरी नको. आठ दिवसांत चेहरा उजळवणाऱ्या क्रीममध्ये बहुतेक वेळा स्टिरॉइड असतं, नाहीतर पारा. अकोल्यातल्या एकाच घरातल्या तिघींना अशा क्रीममुळे मूत्रपिंडाचा विकार झाला होता. पाऱ्याचा माग मुंबईच्या केईएम रुग्णालयात लागला, आणि ती क्रीमही पार्लरमधूनच आली होती.

स्टिरॉइड ओळखायला सोपं आहे. ट्यूबवर बेटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन किंवा फ्लुओसिनोलोन यांपैकी एखादं नाव दिसलं की ती रोज लावायची क्रीम नव्हे, औषध आहे. २०१८ साली केंद्र सरकारने अशी बरीच मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली, तरी खेड्यापाड्यातल्या मेडिकलमध्ये ती मागितली की मिळतात. पहिले पंधरा दिवस चेहरा तुकतुकीत दिसतो. मग कातडी पातळ होते, उन्हात आग होते, लाल शिरा दिसू लागतात, हनुवटीवर लव वाढते. आई आधीपासूनच असं काही लावत असतील तर एका दिवसात बंद करू नका, चेहरा भडकतो. यवतमाळच्या सरकारी मेडिकल कॉलेजात किंवा सेवाग्रामला त्वचारोगाच्या ओपीडीत ती ट्यूब सोबत घेऊन जा. वांगासाठी पोटातून घ्यायच्या गोळ्याही परस्पर घेऊ नका. त्यातल्या काहींनी रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो.

आता कपाळाचा पट्टा. मला तो वांग वाटत नाही. वांग सहसा गालाच्या वरच्या भागावर, नाकावर, वरच्या ओठावर येतात. केसांच्या कडेने आणि कानशिलांवर करडा-काळा रंग चढला असेल तर आधी केसांच्या डायकडे बघा. स्वस्त पुडीतल्या काळ्या डायमध्ये आणि 'काळ्या मेंदी'त पीपीडी नावाचं रसायन असतं. काहींना त्याची खाज सुटते, काहींना खाज न सुटता नुसता काळेपणा येत राहतो. दोन महिने डाय बंद ठेवा. लग्नासाठी केस रंगवायचेच असतील तर डब्यावर पीपीडी नाही असं छापलेला रंग आणा. तोही कानामागे चार आण्याएवढा लावून ४८ तास थांबा. साधी हिरवी मेंदी चालते, फक्त रंग लालसर येतो. रोज डोक्याला मोहरीचं तेल चोपडत असतील तर तेही काही दिवस थांबवून बघा.

टिकलीखाली पांढरा डाग पडत असेल तर तो सहसा गोंदातल्या रसायनाचा असतो. टिकली रात्री काढून ठेवायची, आणि डाग दिसू लागला की चिकटणारी टिकली कायमची बंद. कुंकूही साधं, खाज न सुटणारं बघून घ्या. फिकट चट्टा दुसरीकडे कुठे असेल आणि तिथे स्पर्श कळत नसेल तर मात्र क्रीमचा विचारच सोडा आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. कुष्ठरोगाचं औषध तिथे फुकट मिळतं आणि लवकर सुरू केलं तर पुढचं नुकसान टळतं.

कातडी ओढली जाते त्याचं कारण निम्मं वयात आहे, निम्मं पाण्या-साबणात. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन कमी होतं, तेलग्रंथी मंदावतात आणि पहिल्या पाच वर्षांत त्वचेतलं कोलॅजेन जवळपास ३० टक्क्यांनी घटतं. त्यात बोरिंगचं जड पाणी. साबण आणि पाण्यातलं कॅल्शियम मिळून एक न विरघळणारी साय तयार होते. बादलीच्या कडेला जी पांढरी रेघ दिसते, तीच तोंडावरही बसते. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे अकोला-अमरावती-बुलढाण्याकडे, हा त्रास आणखी जास्त. साबणाचा सामू (पीएच) ९ ते १०, त्वचेचा साधारण ५. म्हणून धुतल्यावर तासभर कातडी ताणलेली राहते.

उपाय म्हणजे तोंडाला साबण बंद. मेडिकलमध्ये 'सिंडेट बार', म्हणजे साबण नसलेली धुवायची वडी, मागा. ओळखायची खूण: वेष्टनावर टीएफएमचा (साबणातल्या एकूण स्निग्धांशाचा) टक्का छापला असेल तर तो बहुतेक साबणच. घटकांत सोडियम कोकॉइल आयसेथियोनेट पहिल्या दोन-तीन नावांत असेल तर ती योग्य वडी. रात्री एकदाच ती वापरायची, सकाळी नुसतं पाणी. पाणी फार जड असेल तर शेवटचे दोन तांबे प्यायच्या आरओच्या पाण्याचे घ्या. बेसन रोज घासू नये. लिंबू तर अजिबात नको, लिंबाचा रस लागून ऊन बसलं की कातडी भाजते आणि डाग महिनोन्महिने राहतो.

मॉइश्चरायझर महागडं लागत नाही. ग्लिसरीन, सिरॅमाइड किंवा ५ टक्के युरिया यांपैकी काही असलेलं, बिनवासाचं लोशन पुरे. ते कधी लावता हे जास्त महत्त्वाचं. तोंड टिपून घ्यायचं, पूर्ण कोरडं करायचं नाही, आणि दोन-तीन मिनिटांच्या आत लोशन लावायचं. लोशन आणायला जमत नसेल तर ग्लिसरीनचे तीन-चार थेंब ओल्या तळव्यावर घेऊन पातळ करून लावा. नुसतं ग्लिसरीन आपल्या कोरड्या उन्हाळ्यात उलट कातडीतलंच पाणी ओढतं आणि वर धूळ चिकटते. खोबरेल तेल हातापायांना उत्तम. चेहऱ्यावर मात्र उन्हाळ्यात घामाबरोबर रंध्रं बुजवतं. गडचिरोलीकडे मोहटोळीचं, म्हणजे मोहाच्या बियांचं, तेल लावतात, थंडीत कोपर-टाचांना तेही चांगलं.

सनस्क्रीनवर मी सगळ्यात जास्त भर देईन, कारण वांगावर दुसरं काहीही लावा, ऊन थांबलं नाही तर पैसे पाण्यात. एसपीएफ ३० किंवा ५०, पीए+++ आणि शक्यतो रंगीत म्हणजे 'टिंटेड' घ्या. त्यातलं आयर्न ऑक्साइड दिसणारा प्रकाशही अडवतं, आणि वांग त्या प्रकाशानेही गडद होतात. माप असं: तर्जनी आणि मधल्या बोटावर टोकापासून मुळापर्यंत दोन रेघा, एवढी चेहरा आणि मान मिळून. दिवसातून एकदाच लावली तरी ५० ग्रॅमची ट्यूब महिना-सव्वा महिन्यात संपायला हवी. चार महिने पुरली तर नुसता वास लावला जातोय. घराबाहेर पडायच्या वीस मिनिटं आधी लावायची.

दर दोन तासांनी पुन्हा लावा, असं ट्यूबवर लिहिलेलं असतं. पऱ्हाट्या-धसकटं वेचताना मातीच्या हाताने ते कोण करणार? म्हणून कापडाचा आधार घ्या. पातळ पांढऱ्या सुती कापडातून ऊन बरंच आत येतं, ओलं केल्यावर आणखी. गडद रंगाचा, घट्ट विणीचा दुपट्टा नाक-गाल झाकून बांधायचा, वर रुंद कडेची टोपी. जेवायला सावलीत बसल्यावर हात धुऊन एकदा क्रीम. शक्य असेल तर १० ते ४ वावरात जाणं टाळा. मे महिन्यात तसंही उजाडताच निघून दहाच्या आत परतणंच बरं. चुलीच्या धगीनेही वांग वाढतात, तेव्हा भाकरी थापताना थोडं मागे सरकून बसू द्या.

व्हिटॅमिन सी सीरमचा सध्या खूप गाजावाजा आहे. तुमच्याकडे मी ते घ्यायला सांगणार नाही. ४५ अंशांत पत्र्याखाली ठेवलेली बाटली लवकरच तपकिरी पडते आणि मग ती बिनकामाची. त्यापेक्षा ४–५ टक्के नायसिनामाइडचं (व्हिटॅमिन बी३ चं एक रूप) सीरम घ्या, ते उष्णतेत टिकतं. रात्री चार थेंब, त्यावर लोशन. दीड महिन्यात वांग जाणार नाहीत, पण चेहऱ्याचा पोत सुधारलेला दिसेल. सगळ्या ट्यूबा स्टीलच्या डब्यात घालून माठाच्या बाजूला, थंड जागी ठेवा.

पार्लरची वेळ सांभाळा. ब्लीच टाळलेलंच बरं. त्यातला अमोनिया आणि पेरॉक्साइड कोरड्या कातडीला झोंबतात आणि वांग आणखी चिडतात. फेशियल लग्नाच्या किमान पाच दिवस आधी, थ्रेडिंग दोन दिवस आधी. हळदीच्या दिवशी आईंना हळद लागणारच. आधी चेहऱ्याला खोबरेल तेलाचा पातळ हात द्या म्हणजे पिवळेपणा आत बसत नाही. नंतर तेलानेच पुसून काढा, घासू नका.

आता फाउंडेशनच्या भेगा. कोरड्या कातडीवर ते लावलं की कोरडे भाग त्यातलं पाणी शोषतात, रंगद्रव्य वर उरतं आणि हसताना सुरकुतीत जमतं. त्यावर पावडर थापली की भेग आणखी ठळक. म्हणून आधी लोशन, मग दहा मिनिटं थांबायचं, जास्तीचं टिश्यूने टिपायचं. फाउंडेशन क्रीमी किंवा द्रवरूप, 'मॅट' लिहिलेलं नको. रंग मनगटावर बघू नका, जबड्याच्या कडेला लावून दुकानाबाहेर उजेडात दहा मिनिटांनी बघा. उन्हातल्या कामाने चेहरा गळ्यापेक्षा सावळा असतो. गळ्याशी जुळवायला गेलात तर चेहरा राखेसारखा दिसतो. तालुक्याच्या दुकानात नेमकी छटा मिळाली नाही तर फिकटपेक्षा किंचित गडद घ्या.

सगळीकडे थर नको. वांगावर नारिंगी छटेचा करेक्टर (डागाचा काळेपणा झाकणारा रंग) अनामिकेने टिपून टिपून बसवायचा. नसेल तर नारिंगी लिपस्टिकचा अगदी पातळ ठिपका काम भागवतो. त्यावर वाटाण्याएवढं फाउंडेशन, ओल्या पिळलेल्या स्पंजने दाबत, मध्यापासून कडेकडे. घासलं की खालचा नारिंगी रंग निघून येतो. डोळ्यांखाली कन्सीलर फक्त नाकाजवळच्या कोपऱ्यात, बाहेरच्या सुरकुत्यांवर नाही. पावडर नाकाच्या बाजूला, कपाळाच्या मध्ये आणि हनुवटीवर. डोळ्यांखाली नको.

भुवया शेपटीकडे विरळ झालेल्या असतात, तिथे गडद तपकिरी, काळा नाही. चमकीची आयशॅडो पापणीवरची प्रत्येक घडी दाखवते. मॅट तपकिरी लावा. काजळ खालच्या पापणीत ठासून भरलं तर तासाभरात गालावर उतरतं, कारण या वयात डोळ्यांतून पाणी जास्त येतं. वरच्या पापणीच्या केसांच्या मुळाशी बारीक रेघ पुरे. सुरमा नको, त्यात शिसं असू शकतं. काजळाची पेन्सिल आईंची स्वतःची असावी, मांडवात दहा जणींत फिरलेली नको. ब्लश हसल्यावर फुगणाऱ्या भागावर न लावता गालफडाच्या हाडावर, थोडं वर. ओठांच्या बारीक रेघांत रंग पसरू नये म्हणून त्याच छटेचं लायनर आधी, मग क्रीमी लिपस्टिकचा एक हात, कागदाने टिपायचं, दुसरा हात. वीटकरी, मरून, गुलाबी-तपकिरी या छटा सावळ्या रंगावर शोभतात. फिकट न्यूड छटेने चेहरा आजारी दिसतो.

घाम आला की रुमाल दाबून टिपायचा. ओल्यावर पुन्हा पावडर लावली की खपल्या धरतात. आठवडाभर आधी भर दुपारी एकदा पूर्ण मेकअप करून दोन तास ठेवा आणि मोबाइलचा फ्लॅश लावून फोटो काढा. चेहरा गळ्यापेक्षा पांढराफटक आला तर दोष पावडरचा किंवा पांढऱ्या सनस्क्रीनचा. संध्याकाळच्या फोटोंना ती दोन्ही वगळा. रात्री अर्धा चमचा खोबरेल तेलाने मिनिटभर चोळून, ओल्या मऊ कापडाने पुसून, मग सिंडेटने धुवायचं.

सुरकुत्यांसाठी रेटिनॉल (व्हिटॅमिन ए चं एक रूप) खरंच काम करतं, पण ते लग्नाआधी सुरू करू नका. पहिले काही आठवडे साल निघते, आणि त्यावर वॅक्स केलं तर कातडी सोलवटते. पावसाळा लागल्यावर ०.१ ते ०.३ टक्क्यांचं आणा. आठवड्यातून दोन रात्री, वाटाण्याएवढं, कोरड्या चेहऱ्यावर, डोळ्यांचे आणि ओठांचे कोपरे सोडून. महिनाभर आग झाली नाही तर एक रात्र वाढवा. फरक दिसायला तीन महिने लागतात आणि या काळात सकाळची सनस्क्रीन एकही दिवस चुकवून चालत नाही.