ज्येष्ठ नागरिक आणि दूरशिक्षणाचे विद्यार्थी यांच्या मानसिक स्वास्थ्याची तुलना एकाच प्रश्नावलीवर करता येईल का?

ताई, तुम्ही यवतमाळ जिल्ह्यातल्या एका उपकेंद्रात नोकरी सांभाळून दूरशिक्षणाने पोस्ट बेसिक बीएस्सी नर्सिंग करताय. प्रकल्पासाठी गावातले साठीपुढचे लोक आणि तुमच्यासारखेच दूरशिक्षणाचे विद्यार्थी असे दोन गट घेतलेत, आणि दोघांनाही डब्ल्यूएचओ-5 ही मानसिक स्वास्थ्याची छोटी प्रश्नावली देऊन कोणाचं स्वास्थ्य चांगलं ते बघायचं आहे. मी वर्धा जिल्ह्यात सामुदायिक आरोग्य परिचर्या शिकवते आणि विद्यार्थिनींना घेऊन याच कामासाठी खेड्यांत जाते. मला विचाराल तर प्रश्नावली चांगली निवडलीत, पण तुलना सोडून द्या.

डब्ल्यूएचओ-5 हे 1998 पासूनचं साधन आहे. गेल्या दोन आठवड्यांबद्दल पाच विधानं, प्रत्येकाला 0 ते 5 गुण. बेरीज 25 पर्यंत जाते आणि तिला 4 ने गुणलं की 100 पैकी गुण मिळतात. बेरीज 13 पेक्षा कमी आली तर त्या माणसाची पुढची तपासणी व्हायला हवी. पाचही विधानं चांगल्या बाजूने विचारलेली आहेत. ‘ही बाई मला वेडं ठरवायला आली’ असं कोणाला वाटत नाही, आणि खेड्यात हा फार मोठा फायदा आहे.

अडचण पुढे आहे. विद्यार्थी हा फॉर्म मोबाइलवर भरणार, बहुतेक रात्री, एकटे. आबाजींना तुम्ही तो ओसरीवर बसून वाचून दाखवणार, आणि तेव्हा मुलगा दारात उभा असणार. म्हणजे वय वेगळं, शिक्षण वेगळं आणि विचारण्याची रीतही वेगळी. सरासरीत फरक आला तर तो यातल्या कशामुळे आला हे दोन सरासऱ्यांची तुलना करणारी कुठलीच टी-टेस्ट सांगणार नाही. शिवाय ‘सकाळी उठल्यावर ताजंतवानं वाटलं’ हे चौथं विधान बघा. रात्री रानडुकरांसाठी वावरात जागलीला जाणारा माणूस, गुडघेदुखीने कूस बदलणारी आजी आणि ड्यूटीवरून येऊन असाइनमेंट लिहिणारी सिस्टर, तिघांनाही तिथे 1 मिळेल. कारणं मात्र तीन. म्हणून दोन्ही गटांचे निकाल वेगवेगळे मांडा, नाहीतर एकच गट घ्या. मी तर ज्येष्ठांचाच घ्या म्हणेन, कारण गाव तुमच्या ओळखीचं आहे.

आता कोणाला, कधी, कुणासमोर विचारायचं ते. माझ्या मते खरं संशोधन इथेच होतं. घरचे ऐकत असतील तर म्हातारं माणूस घराची अब्रू आधी सांभाळतं. “काय नाई माय, सारं बेस हाय. पोरगं लय जपते.” तीच आजी एकटी सापडली की करमत नाही, कोणी बोलत नाही, दुपार सरत नाही असं सांगत बसते. दोन्ही उत्तरं तिचीच आहेत, पण तुमच्या अभ्यासाला दुसरं हवं आहे.

दिवाळीनंतर कापूस वेचणी जोरात असते, तेव्हा दुपारी घरं रिकामी असतात आणि एकांत आपसूक मिळतो. मात्र त्या वेळी घरी सापडतात ते थकलेले, आजारी, नातवंडं सांभाळणारे. ज्यांचे हातपाय चालतात ते सत्तरीतही वेचणीला गेलेले असतात. फक्त दुपारी फिरलात तर तुमचं गाव आहे त्यापेक्षा जास्त दुःखी दिसेल. आशाताईंच्या कुटुंब सर्वेक्षणातून साठीपुढच्या सगळ्यांची यादी करा, चिठ्ठ्या टाकून नावं काढा, आणि नाव निघालेला माणूस वावरात असेल तर संध्याकाळी किंवा बाजाराच्या दिवशी पुन्हा जा. याला वेळ लागतो, पण पारावर बसलेले चारजण घेऊन फॉर्म भरण्यापेक्षा हे हजारपट बरं.

‘दोन आठवडे’ म्हणण्याऐवजी ‘मागच्या दोन बाजारांपासून’ म्हटलं की लगेच समजतं. सहा पर्यायांत गोंधळ झाला तर समोर सरकीचे पाच दाणे ठेवा आणि ‘एकदाही वाटलं नसेल तर एकही नको, सारखं वाटत असेल तर पाचही, नाहीतर त्या मानाने उचला’ म्हणा. एकही न उचलणं म्हणजे 0. हे सगळ्यांना एकसारखं करा, आधी पायलटमध्ये, म्हणजे थोड्या लोकांवर, तपासा आणि पद्धतीच्या प्रकरणात लिहा.

जीडीएस-15, म्हणजे म्हातारपणातलं नैराश्य तपासणारी पंधरा प्रश्नांची प्रश्नावली, सोबत घ्यायची असेल तर ‘बाहेर जाण्यापेक्षा घरीच राहावंसं वाटतं का’ या प्रश्नावर थांबा. मे महिन्यातल्या विदर्भात याला ‘हो’ म्हणणारा प्रत्येकजण उदास नसतो.

संमतीच्या वेळी आधीच सांगा की तुम्ही श्रावणबाळ योजनेचे 1500 रुपये सुरू करून द्यायला आलेल्या नाहीत. नाहीतर माणसं पगार मिळेल या आशेने हालअपेष्टा सांगत राहतात, आणि नंतरची त्यांची निराशा बघवत नाही. सही येत नसेल तर अंगठा चालतो. आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या) 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे तेव्हा लिहितावाचता येणारा त्रयस्थ साक्षीदार लागतो, त्यामुळे घरातल्या मुलाला साक्षीदार करू नका.

विद्यार्थ्यांचा गट सोडता येत नसेल, सिनॉप्सिस (प्रकल्पाचा आराखडा) मंजूर झालेला असेल, तर ऑनलाइन फॉर्मवर विसंबू नका. जे सगळ्यात जास्त पिचलेले असतात त्यांना फॉर्म उघडायलाही वेळ नसतो. रविवारच्या संपर्क सत्रात कागदावर, नाव न लिहिता, समंत्रक (सत्रात शिकवणारे) वर्गाबाहेर असताना भरून घ्या, आणि परीक्षा किती दिवसांवर आहे त्याची नोंद ठेवा.

एक गोष्ट मी माझ्या विद्यार्थिनींना गावात पाय ठेवण्याआधी करायला लावते, तुम्हीही करा. गुण कमी आलेल्या माणसाचं पुढे काय, हे आधी ठरवा. पीएचसीच्या (प्राथमिक आरोग्य केंद्राच्या) वैद्यकीय अधिकाऱ्यांशी बोलून ठेवा. यवतमाळ आणि वर्धा दोन्ही शेतकऱ्यांच्या समुपदेशनासाठीच्या प्रेरणा प्रकल्पाच्या 14 जिल्ह्यांत आहेत, त्याचा 104 आणि टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हे क्रमांक प्रत्येक माहितीपत्रकावर मोठ्या अक्षरांत छापा. कोणी ‘आता जगून काय करू’ म्हणालं तर फॉर्म बाजूला ठेवा, जीव द्यायचा विचार येतो का ते सरळ विचारा, आणि येतो म्हटलं तर त्यांच्याजवळ कोणी बसल्याशिवाय ते घर सोडू नका. तो फॉर्म अर्धवट राहिला तरी चालेल.