कोंबडीच्या दहा दिवसांच्या पिल्लाच्या मागे शी चिकटून घट्ट झाली आहे, दाणा टिपत नाही. घरच्या घरी कोणतं औषध द्यावं?

औषधाचं नंतर बघू. पिल्लू ठेवलंय त्या खोक्यात आधी हात घालून बघितलात का? दोन दिवसांपासून मान पाडून बसलंय, डोळे मिटतंय, हे तुम्ही नीट लिहिलंय. पण बल्ब आहे का, खोकं कुठं ठेवलंय, रात्री गारठा किती, यातलं अक्षर नाही. एवढ्या लहान पिल्लाची ऊब तुटली की पोट बिघडतं आणि शी चिकटायला लागते.

मी लातूर जिल्ह्यातली, औशाकडची. माझ्यावर हे थंडीतल्या वेळ अमावस्येच्या सणाला आलं. त्या दिवशी आमच्याकडं सगळा गाव शेतात असतो. मी पहाटेपासून भज्जी, आंबील, उंडे यांच्या गडबडीत. वनराजा जातीच्या कोंबडीची पंचवीस पिल्लं आणून सहावा दिवस. ओसरीच्या कोपऱ्यात पत्र्याचं गोल कडं करून, खाली तूस अंथरून, वर शंभरचा पिवळा बल्ब सोडला होता. निघताना धाकट्या भाऊजींनी तो बंद केला. दिवसाढवळ्या कशाला जाळायचा म्हणून. मला पत्ताच नाही.

दिवस कलल्यावर घरी आलो तर दारातूनच आवाज वेगळा लागला. उबेतली पिल्लं आपसात बारीक बोलत असतात. गारठलेली एकसुरात, जोरात ओरडतात. एका कोपऱ्यात ढीग झाला होता. वरची उचलली, तर खाली तीन चेंगरून मेलेली.

तिसऱ्या दिवशी चार पिल्लांच्या मागे शी वाळून खडा झाला. त्यातलं सगळ्यात बारकं हातात घेतलं तर वजनच लागेना. पाय गालाला लावून बघितले, गार. आधी पदरात घेऊन शेक दिला. मग कोमट पाण्यात कापूस भिजवून त्या खड्यावर धरून ठेवला, चांगली दहा मिनिटं. ओढायचं नाही. ओढलं की कातडी फाटते आणि रक्त दिसलं की बाकीची तिथंच टोचतात. मऊ होऊन तो बोळा सुटला, मागून पिवळट पांढरी घाण आली आणि पिल्लानं डोळा उघडला. पुसून अगदी कोरडं केलं, खोबरेल तेलाचं बोट लावलं. मग कोमट पाण्यात गूळ आणि चिमूटभर मीठ, चोचीच्या कडेला एकेक थेंब. घशात ओतू नका, श्वासनळीत जातं. दाण्याची घाई केली नाही. सकाळी गळ्याखालची पिशवी रिकामी लागली तेव्हाच भिजवलेला भरडा ठेवला. पिशवी टम्म असेल, आंबूस वास येत असेल, तर दाणा देऊच नका.

चार रात्री असं केलं. एक गेलं, तीन जगली.

भाऊजी त्या तिसऱ्या दिवशीच संध्याकाळी तालुक्याच्या दुकानातून अँटिबायोटिकची पूड घेऊन आले होते. "एवढुशा पिल्लासाठी काय जीव काढालाव वहिनी? चाळीस रुपयात दुसरं येतंय. पूड कालवा पाण्यात अन् झोपा." मी हो म्हणाले आणि पाकीट फडताळात टाकलं. ते आजही तिथंच आहे, कोपरासुद्धा कापलेला नाही. गावात मात्र ते सांगत फिरतात की माझ्या पुडीनं पिल्लं वाचली. त्यांनी हे वाचलं तर वाचू द्या. रोग कोणता ते न कळता अँटिबायोटिक देऊ नये, हे माझं ठाम मत आहे.

पहिल्या आठवड्यात बल्बाखाली साधारण ३५ अंश सेल्सिअस लागतात, पुढे दर आठवड्याला तीनेक अंश कमी. म्हणजे तुमच्या पिल्लाला ३२ च्या आसपास. एलईडीचा बल्ब कामाचा नाही, त्यात ऊब नसते. पिल्लं बल्बाखाली गोळा होत असतील तर गार आहे, लांब पळून चोची उघडून धापत असतील तर उष्णता जास्त. उष्णतेनंही हेच होतं, त्यामुळं आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये पत्र्याखाली हा सल्ला उलटा धरा.

एक राहिलं. शीत रक्त दिसलं तर माझं काही ऐकू नका. ती रक्ती हगवण, बहुतेक तीन ते सहा आठवड्यांच्या पिल्लांना, ओल्या तुसातून पसरणारी. तिथं अँप्रोलियमसारखं औषध लागतंच, तेही डॉक्टरांनी सांगितलेल्या मापानं. पांढरी हगवण लागून एकामागून एक मरत असतील, किंवा मान वाकडी होत असेल, तरी १९६२ ला, जनावरांच्या डॉक्टरांच्या सरकारी नंबरावर, फोन लावा. मान वाकडी करणाऱ्या मानमोडीवर, म्हणजे राणीखेतवर, औषध नाही, लसच आहे. लासोटा नावाची ती लस पाच ते सात दिवसांच्या पिल्लाला देतात, तुमच्या पिल्लाला दिलीय का तेही बघा. शी साफ केल्यावर हात साबणानं धुवा, लेकरांना पिल्लू तोंडाशी नेऊ देऊ नका.

वाचेल का, ते आजच्या रात्रीवर आहे. पाय गरम लागेपर्यंत त्याला सोडू नका. आणि घरात कुणी बल्ब बंद करणारं असेल तर बटणावर चिकटपट्टी लावा, मी लावली होती.