बाह्यपटल जाड असलं की जिवाणू सीरममध्ये (रक्त गोठल्यावर उरणाऱ्या द्रवात) तगतो का?

नाही. प्रश्नातच एक गल्लत आहे. ग्राम रंगचाचणीनुसार जिवाणूंचे दोन गट पडतात. जाड भिंत असते ती ग्राम-पॉझिटिव्ह जिवाणूंची. ती भेदून कॉम्प्लिमेंटला (सीरममधल्या, जिवाणूंवर हल्ला करणाऱ्या प्रथिनांना) आतल्या पटलाला भोक पाडता येत नाही, त्यामुळे त्यांना पांढऱ्या पेशींनी गिळावं लागतं. ग्राम-निगेटिव्हचं बाह्यपटल पातळ असतं आणि सीरमचा घाव नेमका त्याच्यावरच बसतो. वाचवतं ते पटलावर उभं असलेलं शर्करा-साखळ्यांचं रान.

आधी भोक कसं पडतं ते पाहू. कॉम्प्लिमेंटच्या घटकांना सी१ ते सी९ अशी नावं आहेत. सी३चा तुकडा सी३बी जिवाणूच्या पृष्ठभागाला पक्कं चिकटतं, मग सी५ फुटतं. सी५बीला सी६, सी७, सी८ जोडले जातात आणि शेवटी सी९चे १८च्या आसपास रेणू कडं करून बसतात. कड्याचा आतला व्यास साधारण १० नॅनोमीटर. मात्र ही जुळणी पटलाला लागूनच झाली पाहिजे, तरच कडं आत रुततं.

बाह्यपटलाच्या बाहेरच्या थरात लायपोपॉलिसॅकराइड असतं: लिपिड-ए पटलात रोवलेलं, त्यावर गाभा, त्यावर ओ-अँटिजेनची शर्करा-साखळी. साखळी लांब असेल तर सी३बी शेंड्यावरच अडकतं, कडं तिथंच जुळतं आणि गळून पडतं. म्हणजे कॉम्प्लिमेंट जागं होतं, खर्चही होतं, पण जिवाणू मरत नाही! म्हणून नुसतं सी३ किती खर्ची पडलं हे मोजून निष्कर्ष काढू नका. ओ-साखळी नसलेले ‘रफ’ वाण मात्र सहसा झटपट मरतात.

मेंदूज्वर घडवणाऱ्या मेनिंगोकॉकस या ग्राम-निगेटिव्ह जिवाणूकडे ही लांब साखळी नसतेच. तो सोंग घेतो. त्याच्या एका पटल-प्रथिनाला आपल्या रक्तातलं फॅक्टर-एच हे प्रथिन चिकटतं, आणि तेच आपल्या पेशींवरचं कॉम्प्लिमेंट आवरतं. हे प्रथिन माणसाचंच फॅक्टर-एच धरतं, म्हणून सशाचं कॉम्प्लिमेंट वापरलं की मारकक्षमता फुगून दिसते.

प्रयोगशाळेत ही मारकक्षमता तपासताना तेच सीरम ५६ अंशांवर ३० मिनिटं तापवून तुलनेसाठी (कंट्रोल म्हणून) ठेवा; तापवल्यानं कॉम्प्लिमेंट निकामी होतं. त्यातही जिवाणू घटले, तर कारण कॉम्प्लिमेंट नव्हे. दात्याच्या रक्तात प्रतिजैविक असू शकतं. ईडीटीए हे गोठणरोधक रसायन असलेल्या नळीतला प्लाझ्मा चालत नाही, कारण ईडीटीए लागणारं कॅल्शियम-मॅग्नेशियम बांधून टाकतं. सीरम छोट्या भागांत उणे ७० अंशांवर ठेवा; पुन्हा पुन्हा वितळवलं की जोर उतरतो.

सी५ ते सी९पैकी एखादा घटक जन्मतः नसलेल्यांना वारंवार होतो तो मुख्यतः मेनिंगोकॉकसचा आजार. इतर बहुतेक जिवाणूंना गिळंकृत करायला सी३बीची खूण पुरते. सी५ रोखणाऱ्या एक्युलिझुमॅबचाही हाच धोका, म्हणून शक्य असेल तेव्हा औषधाच्या किमान २ आठवडे आधी मेनिंगोकॉकसविरुद्धची लस देतात. लस घेतलेल्यालाही ताप आला, तर तो अंगावर काढायचा नाही.