पहिलं ट्रेडिंग कार्ड करण्याआधी

आर्टिस्ट ट्रेडिंग कार्ड म्हणजे कलाकारांनी हाताने करून आपसात अदलाबदल करायचं छोटं चित्रकार्ड. माप पक्कं: अडीच बाय साडेतीन इंच, म्हणजे ६४ बाय ८९ मिलिमीटर. ए-४ कागदातून नऊ निघतात. स्टीलची पट्टी लावून कटरनेच कापा. कात्रीने कड वाकडी जाते आणि जास्त रुंद राहिलेलं कार्ड अल्बमच्या कप्प्यात शिरत नाही. जलरंगासाठी ३०० जीएसएम (एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन) कागद घ्या, पातळ असेल तर तो वळतो. कोलाजला गोंद अगदी कमी लावा, वर बटरपेपर ठेवून रात्रभर जड पुस्तकाखाली दाबा.

मागे नाव, शीर्षक, तारीख हवीच. मालिका असेल तर १/९ (नऊपैकी पहिलं) असा क्रमांकही. पैसे घेऊ नका. १९९७ मध्ये झुरिकला स्विस कलाकार स्टिर्नेमान यांनी ही कार्डं सुरू केली ती अदलाबदलीसाठीच, आणि तेच त्यांचं खरं सौंदर्य! प्रदर्शनात मात्र कार्ड चिकटवू नका, फोटो-कोपऱ्यांत (फोटोचे कोपरे अडकवायचे छोटे त्रिकोणी खिसे) अडकवा.