मांजराला घरचं जेवण सुरू करताय ना, मग आधी एवढं बघा

छान करताय, आणि तुमची मांजर मनी घरचं जेवण आवडीने खातेय हे तुमच्या पोस्टमध्ये वाचून बरं वाटलं, पण आवडीने खाणं आणि अंगाला सगळं मिळणं यात फरक आहे. नुसतं उकडलेलं बोनलेस चिकन आणि भात, ही सुरुवातीची सगळ्यात कॉमन चूक, मीही वर्षभर तेच केलं.

आत्ता फक्त हे बघा:

१. कॅल्शियम. मांसात फॉस्फरस भरपूर, कॅल्शियम जवळजवळ नाहीच. दोन्हीचं प्रमाण साधारण १:१ च्या आसपास हवं, नाहीतर शरीर हाडांतून कॅल्शियम ओढतं, पिल्लांची हाडं तर लवकर ठिसूळ होतात. अंड्याच्या कवचाची बारीक पूड चालते, किती ते व्हेटला विचारून काट्यावर मोजा, चिमटीने नको. शिजवलेली हाडं अजिबात नाही.

२. टॉरिन, म्हणजे मांसातून मिळणारं एक अमिनो आम्ल. मांजराच्या शरीराला हे पुरेसं बनवता येत नाही, कमी पडलं की हृदय आणि डोळे जातात. उकडताना ते पाण्यात उतरतं, म्हणून चिकनचं ते पिवळसर पाणी सिंकमध्ये ओतू नका, जेवणातच कालवा. कोंबडीचं हृदय घाला, तरी सप्लिमेंट लागतंच.

३. कलेजी थोडीच, रोज वाटीभर दिली तर व्हिटॅमिन ए जास्त होतं.

कांदा-लसूण घातलेला घरचा रस्सा कधीच नाही हं, थोडासुद्धा.

बाकी तेल, झिंक वगैरे नंतर बघू. तोवर निम्मं जेवण ‘कम्प्लीट’ (म्हणजे सगळी पोषकतत्त्वं असलेलं) लिहिलेल्या मांजराच्या खाण्याच्या पाकिटातलं ठेवा आणि दर १५ दिवसांनी वजन लिहून ठेवा, तिला घेऊन काट्यावर उभं राहायचं आणि आपलं वजन वजा करायचं.