मासिकाच्या मुखपृष्ठाचा फोटो निवडताना

फोटो सुंदर आहे का, हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचार. आधी तो पडद्यावर अंगठ्याएवढा लहान करून बघ. तरीही चेहरा ओळखू येतो, नजर तिथेच थांबते, तर पुढे जा.

मग पूर्ण मोठा करून डोळे तपास. फोकस पापण्यांवर, बुबुळांवर हवा. नाकावर किंवा कानातल्यावर गेला असेल तर मी तो फोटो सरळ बाजूला ठेवते, हावभाव कितीही गोड असो. छपाईत ही चूक लपत नाही.

डोक्यावर मासिकाच्या नावासाठी जागा आहे ना? केस थोडे अक्षरांवर आले तर छानच दिसतात, पण कपाळ झाकलं गेलं तर फोटो गेला. बाजूला मथळ्यांसाठी शांत पार्श्वभूमीही लागते.

ए-४ आकाराला ३०० डीपीआयने (म्हणजे दर इंचाला ३०० ठिपके) साधारण २४८० × ३५०८ पिक्सेल हवेत, शिवाय कडेने ३ मिलिमीटर ब्लीड, म्हणजे छपाईनंतर कापला जाणारा जादा भाग. आडव्या फोटोतून उभा तुकडा कापलास तर पिक्सेल पुन्हा मोज.

आणि मॉडेलची लेखी संमती हाती आल्याशिवाय फोटो संपादकांना दाखवूसुद्धा नकोस.