टीबी बरा झाला, मग थुंकीतून रक्त का?

प्रश्न : डॉक्टर, माझ्या बाबांना काही वर्षांपूर्वी टीबी झालेला, कोर्स पूर्ण केला, तब्येत सुधारली. आता चारेक महिने खोकला आहे, वजन उतरतंय आणि मधूनच थुंकीतून रक्त पडतं. थुंकीचा रिपोर्ट टीबी निगेटिव्ह, सीटीत मात्र जुन्या पोकळीत फंगल बॉल आहे म्हणतात. एक डॉक्टर म्हणाले टीबीच्या गोळ्या परत चालू करा, दुसरे म्हणाले ऑपरेशन. हे बरं होतं का? घरात माझं लहान बाळ आहे म्हणून जास्त काळजी वाटते.
– एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, बाळाचं आधी सांगते, फंगल बॉल म्हणजे बुरशीचा गोळा आणि ही बुरशी माणसाकडून माणसाला लागत नाही. अ‍ॅस्परजिलस नावाची ही बुरशी हवेत सगळीकडेच असते, ओलसर धान्यात, भुशात जास्त, आणि श्वासातून आत गेली तरी निरोगी फुफ्फुस तिला टिकू देत नाही, पण टीबीने पोकळी करून ठेवलेली असली की तिथे ती वाढते.

टीबीच्या गोळ्या नुसत्या अंदाजाने परत चालू करू नका. आपल्याकडे हे फार होतं आणि मला खरंच वाईट वाटतं, कारण त्यात पेशंटचे महिने जातात, शिवाय टीबीच्या गोळ्यांतलं रिफाम्पिसिन चालू असेल तर बुरशीचं औषध इट्राकोनाझोल रक्तात पुरेसं राहतच नाही. थुंकीची सीबीनॅट (टीबीच्या जंतूंची जनुकीय तपासणी), कल्चर (जंतू वाढवून बघणं) आणि रक्ताची अ‍ॅस्परजिलस आयजीजी टेस्ट (या बुरशीविरुद्धची अँटीबॉडी मोजणारी) करून घ्या.

गोळा एकच असेल आणि बाकी फुफ्फुस चांगलं असेल तर ऑपरेशनने कायमची सुटका होऊ शकते. दम लागत असेल किंवा दोन्ही बाजूंना आजार असेल तर मात्र त्यात धोका जास्त, मग औषधच. औषधाने गोळा सहसा विरघळत नाही, पण आजार पसरायचा थांबतो, खोकला कमी होतो, वजन भरतं. बरं वाटलं म्हणून मधेच सोडू नका, चंदीगडच्या पीजीआय हॉस्पिटलच्या २०२२ मधे छापून आलेल्या अभ्यासात ६ महिने इट्राकोनाझोल घेतलेल्यांपैकी ३८ टक्के लोकांना दोन वर्षांत आजार उलटला, १२ महिने घेतलेल्यांत फक्त १० टक्के.

कॅप्सूल जेवणासोबतच द्या, अ‍ॅसिडिटीची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना सांगा कारण तिच्यामुळे कॅप्सूल नीट शोषली जात नाही, हृदयाच्या, कोलेस्टेरॉलच्या गोळ्याही दाखवा. लिव्हरची तपासणी अधूनमधून हवीच, पायावर सूज आली किंवा दम वाढला तर लगेच कळवा.

आणि रक्त जास्त पडलं, म्हणजे कपभर वगैरे, तर सकाळची वाट बघू नका, ज्या बाजूला गोळा आहे ती बाजू खाली करून बाबांना कुशीवर झोपवा आणि तसंच मोठ्या हॉस्पिटलला न्या, तिथे मांडीतून बारीक नळी घालून रक्त येणारी नस बंद करता येते.